आई, इथं जिना नव्हता

आई, तू गेल्यापासून लोक डबे घेऊन येतात आणि तुझ्याबद्दल खोटं बोलतात. परवा इथल्या मराठी मंडळातल्या एक बाई पिठलं-भात घेऊन आल्या. दारातच माझा हात धरून म्हणाल्या, "काकू किती शांत होत्या हो. मुंगीलासुद्धा कधी दुखावलं नसेल त्यांनी." मी डबा घेतला, थँक यू म्हटलं, दार लावलं आणि ओट्याला टेकून इतकी हसले की तुझी नात इरा खोलीतून धावत आली. तू आणि शांत? तू झोपेतसुद्धा करकर दात खायचीस.

म्हणून बसले लिहायला. तुझं शिक्षण, नोकरी, पाठीमागे कोण कोण, हे सगळं मंडळाच्या ग्रुपवर येऊन गेलं आहे. सोबत तुझा हसतानाचा फोटो आहे, तो कुणाला कुठून मिळाला देव जाणे. ते सोडून जे उरतं ते मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू आता मध्ये बोलू शकणार नाहीस, हे आपल्या दोघींच्या आयुष्यात पहिल्यांदाच होतं आहे.

तू मला मारायचीस. घ्या, लिहिलं. हाताला येईल त्यानं मारायचीस. लाटणं, फुटपट्टी, कपडे वाळत घालायची काठी, वेणी घालताना कंगवा, एकदा तर गरम सांडशी. पण घाई नसेल तेव्हा तुझा आवडता प्रकार वेगळा होता. दंडाची आतली, काखेजवळची मऊ कातडी चिमटीत धरायची आणि कुलपात किल्ली फिरवावी तशी फिरवायची. बाहीखाली काही दिसत नसे. बाबा तेव्हा रेडिओचा आवाज वाढवायचे. शेजारी म्हणत, कुलकर्ण्यांकडे गाण्याची फार आवड.

नियम होते. रडलीस तर एक जास्त. बाहेर सांगितलंस तर दोन. आणि कुणी विचारलंच, तर सांगायचं काय हेही तूच शिकवून ठेवलं होतंस: जिन्यावरून पडले. आपण चिंचवडला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये तळमजल्यावर राहायचो. तू ज्या शाळेत भूगोल शिकवायचीस त्याच शाळेत मी होते, आणि तिथल्या निम्म्या बाई आपल्याकडे हळदीकुंकवाला येऊन गेल्या होत्या. त्यांना आपलं घर चांगलं माहीत होतं. मी वर्षानुवर्षं जिन्यावरून पडत राहिले आणि एकीनंही कधी विचारलं नाही की कुठला जिना.

त्याच हातानं तू त्या गणिताच्या क्लासच्या सरांना मारलंस. त्यांचा हात माझ्या पाठीवर फिरतो हे मी तुला सांगितलंही नव्हतं, तू माझ्या चालण्यावरून ओळखलंस. भर क्लासात शिरून त्यांची कॉलर धरलीस, त्यांना फळ्यावर आपटलंस आणि पायातली चप्पल काढून तोंडावर हाणत राहिलीस, त्यांच्या ओठातून रक्त येईपर्यंत. मुलं बाकांवर उभी राहून बघत होती. घरी येताना तू मला उसाचा रस पाजलास आणि म्हणालीस, "माझ्या मुलीला हात लावतो मेला." मी ग्लास तोंडाला लावून तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, जगात माझ्या आईसारखी आई नाही. ते खरंच होतं, दोन्ही अर्थांनी.

बाबा गेल्यावर तुला इकडे परदेशात आणलं. माझं घटस्फोटाचं होऊन गेलं होतं, घरी मी आणि इरा. तू इथल्या थंडीला शिव्या दिल्यास, डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, जाऊन काकडी महाग म्हणून दुकानदाराशी मराठीत भांडलीस, आणि इरा इंग्रजीत उत्तर देते म्हणून तिच्याशी बोलणं टाकलंस. पण तिच्यावर कधी हात उगारला नाहीस. मी दाराआडून लक्ष ठेवून असायचे. मग बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. हे मात्र खरंच पडणं होतं. ऑपरेशननंतर तुला उठवायला-बसवायला दोन माणसं लागायला लागली. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, इरा युनिव्हर्सिटीत. न्यू लिनजवळच्या त्या म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये जागा मिळाली. मंडळात कुजबुज झाली की आईला होममध्ये टाकलं. कुजबुजणाऱ्यांतल्या एकीनंही तुला उचलायला येते असं म्हटलं नाही.

होम एकमजली होतं. दारापाशी रॅम्प, सगळीकडे मऊ कार्पेट, लाउंजमध्ये टीव्ही आणि त्याच्यासमोर मांडलेली माणसं. तुझी चिडचिड पहिल्या दिवशीच सुरू झाली. तिथल्या पोरी तुला 'शालिनी' म्हणायच्या, नंतर नुसतंच 'शाल'. "माझ्या नातीच्या वयाची कार्टी मला नावानं हाक मारते," तू म्हणालीस. मी म्हटलं, आई, इथं असंच असतं. ते मी तुला फार वेळा म्हटलं.

तुझ्या आणि शेजारच्या डोरीनच्या खोलीच्या मध्ये एक सामाईक बाथरूम होती. डोरीन इथल्याच शेतावर आयुष्य काढलेली गोरी म्हातारी. अर्धांगाच्या झटक्यानं तिची वाचा गेली होती, कसंबसं 'आ' एवढंच निघायचं. तिचा मुलगा पामर्स्टन नॉर्थला कुठल्याशा संशोधन संस्थेत, यायचा क्वचित. तू तिच्याशी अखंड मराठीत बोलायचीस. "नीट बस. पोक काढू नको. तो शिरा खा, माझ्या मुलीनं केलाय, साखर कमी पडली आहे." ती 'आ' म्हणायची. माझ्याशी तू इतक्या गप्पा कधी मारल्या नव्हत्यास.

मग एका रविवारी तुझ्या अंगात स्वेटर घालताना मला तुझ्या दंडाच्या आत निळं-जांभळं दिसलं. एक जुनं, पिवळं पडत आलेलं, दोन ताजी. जागा मला पाठ होती. माझ्या स्वतःच्या दंडात तिथं एकदम कळ आली, इतक्या वर्षांनी.

"हे काय?"

"काही नाही. पडले."

"कुठं?"

तू खिडकीबाहेर बघितलंस. "जिन्यावरून," म्हणालीस.

आई, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण आता तू मला काही करू शकत नाहीस. पहिला विचार आला: बरं झालं. कळलं ना, कसं लागतं? तो विचार डोक्यात पुरता येऊन बसायच्या आत दुसरा आला, की जिनं हे केलं तिची बोटं मी एकेक करून मोडणार. दोन्ही विचार खरे होते आणि दोन्ही तुझ्याच हाताखाली शिकलेले.

ती कोण हे शोधायला वेळ लागला नाही. केली नावाची, तिथल्याच कामाच्या पोरींतली एक. उंच, हसरी, नातेवाइकांसमोर मधाळ. "युअर मम्स डूइंग हीप्स बेटर," आई आता पुष्कळ बरी आहे, असं म्हणायची आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवायची. हात पडला की तुझा खांदा आत ओढला जायचा. तो खांदा मला ओळखीचा होता. मी तक्रार केली. मॅनेजर लिंडानं कॉफी विचारली आणि मान तिरकी करून सांगितलं की या वयात कातडी फार नाजूक होते. मी म्हटलं, मी हॉस्पिटलात काम करते, नाजूक कातडी कशी फाटते आणि पिळलेली कशी दिसते ते मला माहीत आहे. ती म्हणाली, आम्ही चौकशी करू. त्या चौकशीत केलीनंच केलीबद्दल लिहून दिलं. मग मी होमबाहेर, अशा होम्सवर लक्ष ठेवणाऱ्या कचेरीत तक्रार नेली. तिथून हेमी आला.

हेमी धिप्पाड, हळू बोलणारा माओरी माणूस. तुझ्या खोलीच्या दारात थांबून त्यानं आत येऊ का विचारलं. किया ओरा, म्हणजे त्यांच्यातला नमस्कार, म्हणाला, खाली बसला, आणि कामाचं बोलायच्या आधी आपला डोंगर कुठला, नदी कुठली, माणसं कुठली ते सांगितलं. फोनवर वेलिंग्टनच्या कुणी दुभाषी बाई होत्या, त्यांनी शुद्ध मराठीत तुला ऐकवलं. तू खूश झालीस. "हा कुठला ते आधी सांगतो. माणसासारखा माणूस आहे," म्हणालीस, आणि फोनवरच्या बाईंना हुकूम सोडलास: "त्याला सांगा, माझी नदी पवना. डोंगर म्हणाल तर दुर्गा टेकडी. टेकडीच आहे, पण चालेल." हेमीनं ते गंभीरपणे लिहून घेतलं.

मग त्यानं दंडाबद्दल विचारलं. आणि तू, माझ्यावर वरपासून खालपर्यंत एक नजर टाकून, त्याला सांगितलंस की तू जिन्यावरून पडलीस.

दुभाषी बाईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. कोपऱ्यात बसलेल्या लिंडाचा चेहरा सैल झाला. ती मऊ आवाजात म्हणाली, "आमच्याकडे एकही जिना नाही. बघा, म्हणूनच आम्ही काळजीत आहोत. त्यांना आताशा काही आठवत नाही." हेमीनं मान हलवली. त्यालाही दुसरं काय वाटणार? एकमजली घरात जिन्यावरून पडलेली म्हातारी. तुझी साक्ष तिथंच संपली. वरून तुझ्या कागदांवर डिमेन्शियाची शंका चढली, तुझ्या, जिला भारतातल्या नद्यांच्या उपनद्या डाव्या-उजव्या काठासकट पाठ होत्या.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि तुझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "इथं जिना नाहीये आई. निदान खोटं तरी नीट बोल."

"हळू बोल. बाहेर ऐकतील."

"ऐकू देत. तो माणूस ऐकायलाच आला होता. ती तुला मारते हे का नाही सांगितलंस?"

"मार खाल्ल्याचं सांगत नाहीत."

"का?"

"सांगितलं की मार थांबत नाही, फक्त लोक बघायला येतात." तू चादरीची सुरकुती सरळ केलीस. "तुला मी किती वेळा सांगितलं होतं."

मी तुझ्या टेबलावरचा काचेचा फ्लॉवरपॉट उचलला आणि भिंतीवर फोडला. पाणी, काचा, होमच्या लाउंजमधली शिळी फुलं, सगळं कार्पेटवर. तू जराही दचकली नाहीस. फक्त म्हणालीस, "माझ्यावर गेली आहेस." त्या भांडणाचा शेवट झाला नाही. आवाज ऐकून दोन पोरी आल्या आणि मला बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये केली उभी होती, हाताची घडी घालून. मी तिच्या गणवेशाचा गळा धरला. तिचं डोकं भिंतीवर आपटायला मला फक्त एक ढकल पुरे होती, आणि माझ्या हातात ती तयार होती. तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली, आणि ती बघून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानं मी घाबरले आणि हात सोडला. लिंडानं मला पत्र पाठवलं: यापुढे भेटायला आधी वेळ घेऊन यावं.

वेळ घेऊन गेले की तुझे केस विंचरलेले असायचे, खोली चकाचक. वेळ घेऊन जाणाऱ्याला काय दिसणार? पण बाथरूमच्या पातळ दारातून तुला सगळं ऐकू येत होतं. डोरीनची अंघोळ. केली तिला शॉवरच्या खुर्चीत आदळायची. पाणी चटके बसतील इतकं गरम सोडायची, आणि डोरीन 'आ' करायला लागली की तोंडात ओला फडका कोंबायची. हे तू मला नंतर सांगितलंस. तेव्हा तू फक्त केलंस.

सकाळची वेळ होती. दाराआड डोरीनचा आवाज घुसमटला. तुला दोन माणसांशिवाय उठता यायचं नाही, सगळ्या कागदांवर तसं लिहिलं होतं. तू उठलीस. वॉकरला लटकत दारापर्यंत गेलीस. टेबलावर तुझा तांब्याचा तांब्या होता, चिंचवडहून आणलेला. शॉवरनं अंग धुतलं जात नाही असं तुझं म्हणणं. तो काठापर्यंत भरलेला होता. दार उघडून तू तो भरलेला तांब्या केलीच्या कपाळावर घातलास. भुवई फाटली. रक्त तिच्या डोळ्यांत, फरशीवर, डोरीनच्या उघड्या पायांवर. दुसरा घाव घालताना तुझा तोल गेला आणि तू डोरीनच्या खुर्चीला धरून उभी राहिलीस. माणसं धावून आली तेव्हा डोरीन उघडी, भाजून लाल झालेली, एका हातानं तुझा पदर घट्ट धरून बसली होती. तुझ्या हातात तांब्या होता. त्यामुळे कागदावर काय आलं? हिंसक म्हातारी. कर्मचाऱ्यावर हल्ला.

मला फोन आला आणि मी धावले. लिंडा म्हणाली, शालिनीला इथं ठेवणं आता सुरक्षित नाही, कुलूपबंद युनिटमध्ये हलवावं लागेल, तोवर डॉक्टरांनी शांत राहायची गोळी सुचवली आहे. मी डोस बघितला. त्या गोळीनं तू तांब्या तर सोडच, चमचाही उचलला नसतास. मी विचारलं, "आणि ती डोरीन भाजली कशी?" लिंडा म्हणाली, "झटापटीत नळ फिरला." म्हणजे तेही तुझ्याच खात्यावर.

आता तुला वाचवायचं तर एकच उपाय होता. हेमीला जिन्याचा अर्थ सांगायचा. मी गाडी होमच्या पार्किंगमध्ये लावून त्याला फोन केला आणि परक्या माणसाला, परक्या भाषेत सांगितलं की आमच्या घरात जिन्यावरून पडणं म्हणजे मार खाणं. हे माझ्या आईनंच मला शिकवलं. आम्ही तळमजल्यावर राहायचो. मी गाडीच्या आरशातून सारखी मागे बघत होते, तू येतेस की काय म्हणून. चाळिशी उलटलेली बाई, आणि दोन जास्त बसतील म्हणून घाबरलेली.

हेमीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी परत येतो. या वेळी न सांगता येईन."

तो आला त्या दिवशी फोनवर दुभाषी मिळाली ती हिंदीची. तू "मराठी बाई पाहिजे" म्हणून फोन त्याच्या हातात परत दिलास. दुसरी मिळेना. त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, घरच्या माणसानं दुभाषी होणं आमच्या नियमात बसत नाही, पण मी रेकॉर्ड करतो, नंतर आमचं मराठी जाणणारं माणूस तपासेल. "एकच अट. ती 'मी' म्हणाली की तूही 'मी' म्हणायचं. 'आई म्हणते' असं नाही." मी हो म्हटलं. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे.

त्यानं विचारलं, "मिसेस कुलकर्णी, कुठला जिना?"

मी ते मराठीत केलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला, आणि तो माझ्या तोंडून तुला विचारला गेला. तू माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं, मी बाहेर सांगितलं. तुझे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज मी ऐकला. भिंतीपलीकडे डोरीन 'आ' म्हणाली, नेहमीसारखं. तू त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिलीस.

"हात दे," तू मला म्हणालीस.

मी दिला. तू माझी बाही वर सारलीस, दंड उलटा केलास आणि हेमीला म्हणालीस, "नीट बघ. ती केली असं करते." आणि माझी कातडी चिमटीत धरून फिरवलीस. काय जोर होता ग, त्या वयात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू बोलत होतीस आणि मी, दंड तुझ्या चिमटीत, तुझं बोलणं इंग्रजीत करत होते.

"इथं मारलं की दिसत नाही," मी म्हणाले.

"मी उलट मारते म्हणून मला इथं, लपवून. डोरीनला बोलता येत नाही, म्हणून तिला कुठंही," मी म्हणाले. मग पाण्याचं, फडक्याचं, खुर्चीचं, सगळं.

हेमीनं विचारलं, "हे पडल्यामुळे झालेलं नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"पडलेल्या माणसाला दंडाच्या आत लागत नाही. तिथं फक्त दुसऱ्याचा हात पोचतो. मला माहीत आहे. मी माझ्या मुलीला असंच करायचे," तू म्हणालीस.

मी ते इंग्रजीत केलं नाही. हेमी वाट बघत होता. तू मला चिमटीनंच हलवलंस. "सांग त्याला."

"मला माहीत आहे," मी इंग्रजीत म्हणाले. "मी माझ्या मुलीला असंच करायचे."

हेमीचं पेन थांबलं. तो तुझ्याकडे बघत नव्हता, माझ्या दंडाकडे बघत होता. तू चिमटी सोडलीस आणि हळू आवाजात आणखी एक वाक्य बोललीस. हेमीनं विचारलं, "आणखी काही म्हणाल्या?" मी म्हटलं, "नाही, एवढंच."

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. हेमीनं डोरीनच्या अंगावरचे भाजल्याचे डाग बघितले, बाकीच्या खोल्यांमधले दंड बघितले. तिथल्याच दोन पोरी, ज्या मला हाताला धरून बाहेर काढायला आल्या होत्या, रडत रडत बोलल्या. केलीला काढलं, पोलीस केस झाली, ती अजून चालू आहे. गोळी कुणी दिली नाही. डोरीनचा मुलगा पामर्स्टन नॉर्थहून गाडी हाकत आला, तुझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला आणि सॉरी, सॉरी म्हणत राहिला. तू म्हणालीस, "आधी यायचं." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. त्यानं डोरीनला आपल्याकडे नेलं आणि मी तुला घरी आणलं. रजा काढली, उचलायचा पट्टा आणला, इरानं पाठ मोडेपर्यंत मदत केली.

शेवटचे ते थोडे दिवस आपण त्या वाक्याबद्दल बोललो नाही. चहा पांचट झाला यावर बोललो. एका दुपारी कप तुझ्या हातात देताना सांडला आणि तुझा हात वर गेला. मी लहानपणीसारखी डोळे मिटून उभी राहिले. काही झालं नाही. डोळे उघडले तर हात तसाच हवेत होता. मग त्या हातानं तू कपाळावरचे केस मागे सारलेस, तुझेच. "पुस ते," म्हणालीस. मी पुसलं. त्यानंतर छातीत कफ साठला, आणि तू गेलीस.

हेमी फ्युनरलला आला, आई. मंडळाची माणसं तुझ्या शांतपणाबद्दल बोलून झाल्यावर तो पुढे गेला, तुझ्या शवपेटीजवळ उभा राहिला आणि थेट तुझ्याशी बोलायला लागला. माओरीत, मोठ्यानं, तू ऐकते आहेस असं. त्यांच्यात गेलेल्या माणसाशी असंच बोलतात. त्यात मला एकच शब्द कळला, पवना. मी तुझ्याशी अशी बोलते आहे ते त्याच्याकडून उचललं आहे. आपल्यात गेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं राहूनच जातं.

नंतर चहाच्या टेबलापाशी तो मला म्हणाला, "आमच्या मराठी बाईंनी रेकॉर्डिंग तपासलं. शेवटी एक वाक्य जास्तीचं आहे, म्हणाल्या. मी ते अहवालात घेतलं नाही. ते तपासाचं नव्हतं, तुझं होतं." आणि केक घेऊन निघून गेला.

इरा बाजूलाच उभी होती. "व्हॉट सेंटेन्स, मम्?"

मी म्हटलं, सोड.

आणि इरा, जिनं मला जन्मात मराठीत उत्तर दिलं नाही, मोडक्या उच्चारांत म्हणाली, "आजी काय म्हणाली? सांग."

तर मी तिला सांगितलं. तू म्हणाली होतीस: "हिनं कधी काही केलेलं नसायचं. माझेच हात शिवशिवायचे, आणि ही जवळ असायची."  इरानं हातातला कप खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

म्हणजे बघ, हेमीला सांगितलं, इराला सांगितलं, आणि आता हे छापायला देते आहे, पिठलं-भातवाल्या बाईसुद्धा वाचतील. तुझा नियम मी पार मोडला. हे लिहिताना रडलेही, इरा साक्षीला आहे. रडलीस तर एक जास्त, बाहेर सांगितलंस तर दोन. दंडावरचा तुझा शेवटचा चिमटा आता पिवळा पडत पडत गेला, मी रोज अंघोळीच्या वेळी बघत होते. काल बघितलं तर तिथं काहीच नव्हतं. बाही वर करून बसले आहे, आई. ये आणि मार.